कोंडलेल्या वाफेच्या घरात पाणी

तांब्याच्या बंबाची खुबी वाचकांपैकी वडीलधाऱ्यांच्या तरी ध्यानात असेल. वरच्या नरसाळ्यातून तांब्याभर गार पाणी ओतावे, ते तळाशी जावे आणि तितकेच कढत पाणी बादलीत पडावे. बंबाला हे साधे, कारण तो उघडा असे. एस्प्रेसो कॉफीच्या यंत्रातला बॉयलर मात्र चहूबाजूंनी बंद. आत वाफ कोंडलेली, तिचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा एक वातावरण किंवा थोडा अधिकच, आणि पाणी सुमारे १२० अंश सेंटिग्रेडला पोचलेले. अशा भांड्यात गार पाणी घालायचे कसे?

आतल्या दाबाहून अधिक जोराने ढकलून! दुसरा मार्ग नाही. आता आपल्या नळाला तेवढा जोर असतो का, ते पाहा. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक वातावरण भरतो. गच्चीवरची टाकी दुकानाच्या वर दहा मीटर असेल, तर पाणी बॉयलरच्या दाराशी येऊन घुटमळत राहील. घरात पाऊल टाकणार नाही. आणि नळच गेला तर? मग आतले कढत पाणी उलट नळाची वाट धरील. म्हणून वाटेत एकाच बाजूला उघडणारा व्हॉल्व्ह बसवलेला असतो, आणि पाणी ढकलायला पंप.

पूर्वी हे सारे हाताने चाले. मिलानच्या आकिले गाज्जियाची दांड्याची यंत्रे १९४८ च्या सुमारास बाजारात आली. त्यांत कॉफीचे पाणी थेट बॉयलरमधूनच येई, म्हणजे प्रत्येक पेल्याबरोबर आतली पातळी खाली. कॉफीवाल्याचा एक डोळा गिऱ्हाइकावर तर दुसरा काचेच्या उभ्या नळीवर! नळीतले पाणी उतरले की चावी फिरवायची, वर आले की बंद करायची. १९६१ साली फाएमा कंपनीच्या ई-६१ यंत्राने विजेचा पंप आणला. कॉफीचे पाणी बॉयलरच्या पोटातून गेलेल्या एका नळीतून जाता जाता तापू लागले आणि बॉयलरमधले पाणी मुख्यतः वाफेसाठी उरले. त्यामुळे भरण्याची घाई कमी झाली, काम मात्र राहिलेच.

आज ती नजर एका सळईकडे असते. बॉयलरच्या वरच्या अंगाने पोलादाची एक सळई आत उतरवतात. बॉयलरच्या धातूचा तिला स्पर्श होऊ देत नाहीत. पाणी तिच्या टोकाला लागले की सळई, पाणी आणि बॉयलरची भिंत असे विजेचे मंडल पुरे होते. पातळी उतरून मंडल तुटले की विजेवरचा व्हॉल्व्ह उघडतो, पंप सुरू होतो आणि पाणी टोकाला भिडताच दोन्ही थांबतात. पहारेकरी म्हणून सळई फार इमानी, पण तिला एकच भाषा कळते. पाण्यातून वीज वाहिली तरच तिच्या लेखी पाणी आहे!

आणि वीज वाहते ती पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. आपल्या शहरांत बोअरिंगचे जड पाणी यंत्रात घातले तर क्षारांचा थर सळईवर चढून ती आंधळी होते. त्याला भिऊन कोणी अगदी निःक्षार पाणी घातले, तर सळई पाण्यात बुडालेली असूनही पाणी नाहीच म्हणते. मग यंत्र भरतच राहते. बॉयलरमध्ये वाफेला जागा उरत नाही आणि दुधात वाफेऐवजी कढत पाण्याची धार येते. पाणी भरण्याला वेळेची मर्यादा घातलेली असेल तर निभावते. उलट, पाणी कमी पडून तापवणारी कांब उघडी पडली तर ती जळून जाते. म्हणून पाणी हवे मधले, ना खारे ना कोरे, आणि सळई वेळच्या वेळी काढून घासलेली.

एक गोष्ट मात्र पाण्याची नव्हे, हवेची. दुकान बंद झाले, यंत्र निवले, की आतली वाफ आकसून पोकळी होते. बॉयलरच्या माथ्यावर एक लहानसा व्हॉल्व्ह असतो; तो थंडपणी हवा आत घेतो आणि सकाळी वाफ चढली की आपोआप मिटतो. तो अडकला आणि वाफेची तोटी उघडी राहून दुधात बुडालेली असली, तर बॉयलर ते दूध सावकाश ओढून घेतो. सकाळी तापल्यावर दुकानभर जो वास सुटतो, तो घालवायला बॉयलर पुनःपुन्हा रिकामा करून भरावा लागतो.