जीबीएस : साथ ओसरली, प्रश्न तसाच

जुलैतल्या एका दुपारी आमच्या मेडिसिन वॉर्डात बावीस वर्षांचा एक तरुण स्ट्रेचरवरून आला. दहा दिवसांपूर्वी त्याला जुलाब झाले होते, दोन दिवसांत थांबलेही. मग पायांच्या बोटांना मुंग्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी जिना चढवेना, तिसऱ्या दिवशी बसलेला उठता येईना. गावातल्या दवाखान्यात अशक्तपणा म्हणून सलाईन लावले गेले, व्हिटॅमिनची इंजेक्शने झाली, आणि यात चार दिवस गेले. ‘वारं गेलंय का हो साहेब?’ आईने विचारले. बोटाला लावलेले ऑक्सिमीटर 98 दाखवत होते, त्यामुळे आमचे निवासी डॉक्टरही तसे निर्धास्त होते. मी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, पाय हलला नाही. मग त्याला एका श्वासात जमतील तेवढे आकडे मोजायला सांगितले. अकरावर तो थांबला. संध्याकाळी त्याला व्हेंटिलेटर लागला.

हा गिलाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. 2025च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात याचे रुग्ण एकामागोमाग येऊ लागले आणि हे नाव घराघरांत पोहोचले. एरवी वर्षाला लाखामागे एखाद-दुसऱ्याला होणारा हा आजार. तिथे काही आठवड्यांत दोनशेहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, तर काहींत नोरोव्हायरस. बोट पाण्याकडे गेले, पालिकेने काही खासगी आरओ प्रकल्पांना टाळे ठोकले. महिना-दीड महिन्यात बातम्या आतल्या पानावर गेल्या आणि मग दिसेनाशा झाल्या.

शौचाचे नमुने तपासा, पाणी पाहा, हे पुण्यात पहिल्याच आठवड्यात सुचले. ते ज्यांच्या कामामुळे सुचले, त्यांच्यातल्या एकाविषयी इथे सांगायला हवे. डॉ. जॉन ग्रिफिन हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले मज्जाविकारतज्ज्ञ. मेंदू आणि मज्जारज्जूच्या बाहेर हातापायांत पसरलेल्या मज्जातंतूंच्या अभ्यासात त्यांची हयात गेली. 2011 मध्ये ते वारले. (आपण शीर आणि नस एकाच अर्थाने वापरतो, त्यामुळे ‘नसांचा आजार’ म्हटले की निम्मे रुग्ण रक्तवाहिन्यांविषयी विचारतात. इथे विषय स्नायूंपर्यंत निरोप नेणाऱ्या तारांचा आहे.)

जीबीएसचे वर्णन तसे जुने. पहिल्या महायुद्धात, 1916 मध्ये, गिलाँ, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांची नोंद प्रसिद्ध केली. पाय लुळे, पाठीच्या पाण्यात प्रथिने वाढलेली, पेशी मात्र वाढलेल्या नाहीत. विजेची तपासणी करणाऱ्या स्ट्रोलचे नाव पुढे कुणी घेतले नाही. वैद्यकातही श्रेय असेच वाटले जाते. पुढे पाठ्यपुस्तकांत ठरून गेले की, या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मज्जातंतूवरचे मायलिन हे वेष्टन खरवडते. विजेच्या वायरवरचे प्लॅस्टिक निघावे तसे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून उत्तर चीनमध्ये चिनी डॉक्टरांसोबत गाय मॅकखान, आर्थर ॲसबरी, ग्रिफिन आणि त्यांचे सहकारी काम करू लागले. बीजिंग आणि शिच्याच्वांगच्या रुग्णालयांत दर उन्हाळ्यात खेड्यांतली मुले लुळी होऊन येत. आजार पोलिओसारखा दिसे, पण पोलिओ नव्हे. 1991 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे पहिले सविस्तर वर्णन आले. दगावलेल्या मुलांच्या नातलगांनी शवविच्छेदनाला संमती दिली आणि ते मज्जातंतू ग्रिफिन यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली आले. त्यात वेष्टन बहुतांश शाबूत होते, मार बसला होता आतल्या तांब्याच्या तारेला. वेष्टनात ठरावीक अंतरावर ज्या बारीक फटी असतात, तिथे प्रतिपिंडे चिकटलेली होती आणि भक्षक पेशी त्याच फटीतून आत शिरल्या होत्या. यातल्या तीनचतुर्थांश मुलांच्या रक्तात नुकत्याच होऊन गेलेल्या कॅम्पिलोबॅक्टर संसर्गाची खूण मिळाली. जपानमध्ये नोबुहिरो युकी यांनी उरलेला दुवा जोडला. या जिवाणूच्या कवचावरची साखर आणि आपल्या मज्जातंतूवरची साखर जवळजवळ सारखी असते. शरीर जिवाणूला मारायला प्रतिपिंडे तयार करते आणि तीच आपल्या तारांवर उलटतात. जुलाब थांबल्यावर आठ-पंधरा दिवसांनी पाय का लुळे पडतात, याचे उत्तर हे.

मृत्यूचे कारण शोधण्यासाठी शवविच्छेदन करणे आपल्याकडे जवळपास बंदच झाले आहे. पोलीस केस असेल तरच ते होते. नातलग नको म्हणतात, हे खरे. पण आम्ही डॉक्टरही विचारत नाही, हे अधिक खरे.

आता मुद्द्यावर येतो. पुण्यातल्या साथीनंतर आपण काय बदलले? पोलिओसाठी आपल्याकडे एक उत्तम यंत्रणा आहे. 15 वर्षांखालच्या मुलाचा हातपाय अचानक लुळा पडला की डॉक्टरने कळवायचे, 14 दिवसांच्या आत, किमान 24 तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे, ते शीतपेटीतून प्रयोगशाळेत पाठवायचे आणि 60 दिवसांनी मुलाला पुन्हा पाहायचे. या जाळ्यात सापडणाऱ्यांपैकी अनेक मुले जीबीएसचीच असतात. ‘पोलिओ नाही’ असा अहवाल आला की आपण समाधानाने फाईल बंद करतो. त्याच नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर का शोधू नये? हा जिवाणू साध्या पद्धतीने वाढत नाही, त्याला कमी ऑक्सिजन आणि 42 अंश तापमान लागते, आणि पाय लुळे पडेपर्यंत तो बऱ्याचदा शौचातून नाहीसाही झालेला असतो. म्हणून जनुकीय तपासणी हवी. करोनाने त्या यंत्रांची ओळख जिल्ह्याजिल्ह्यांत करून दिली आहे.

आणि माझा बावीस वर्षांचा रुग्ण? तो 15च्या वर, म्हणून या जाळ्यात येतच नाही. त्याच्या गावातून आणखी दोघे वेगळ्या रुग्णालयांत गेले असतील, तर तिघांना जोडणारा धागा कुणाच्या हाती लागणार? पुण्यात तो लागला, कारण एका शहरात, दाट वस्तीत, मोजक्या रुग्णालयांत रुग्ण गोळा झाले. विखुरलेल्या तालुक्यात तसे होणार नाही. जीबीएसचा प्रत्येक रुग्ण, वय काहीही असो, जिल्हा साथरोग अधिकाऱ्याला कळवला गेला पाहिजे आणि त्याच आठवड्यात त्याच्या पिण्याच्या पाण्यातला क्लोरीन मोजला गेला पाहिजे. हा जिवाणू क्लोरीनने मरतो. जारमधल्या ‘शुद्ध’ पाण्यातला क्लोरीन मात्र आरओ प्रकल्पातच निघून जातो आणि जार भरताना दूषित झाला तर पाण्यात संरक्षण काहीच उरत नाही. चिकन नीट न शिजणे आणि न तापवलेले दूध हेही त्याचे मार्ग आहेत.

उपचारांबाबत एकच सांगतो. इम्युनोग्लोब्युलिनचा पूर्ण डोस साठ किलोच्या माणसाला 120 ग्रॅम लागतो, बिल लाखांत जाते. प्लाझ्मा बदलण्याचा उपचार तितकाच गुणकारी आहे, हे 1990च्या दशकातच सिद्ध झाले, आणि तो सहसा बराच स्वस्त पडतो. तरी जिल्हा रुग्णालयांत तो क्वचितच मिळतो. स्टिरॉइडचा या आजारात उपयोग नाही. ते देऊन वाया घालवलेले दिवस मात्र महाग पडतात. चार-पाच रुग्णांमागे एकाला व्हेंटिलेटर लागतो. ऑक्सिमीटरचा आकडा शेवटी घसरतो, त्याच्या भरवशावर थांबू नये. एका श्वासात विसापर्यंत मोजता येत नसेल, मान उचलता येत नसेल, गिळताना ठसका लागत असेल, तर त्या रुग्णाला आयसीयू असलेल्या ठिकाणीच न्यावे.

तो तरुण 23 दिवसांनी व्हेंटिलेटरवरून निघाला. मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर मोजून पाहा. परवा ओपीडीत काठी टेकत आला होता, डावे पाऊल अजून घासते. ज्या हॉटेलात तो कामाला होता, तिथे पाणी बघायला अजून कुणी गेलेले नाही.