काचेच्या आत कोण?

टीव्हीवाल्यांना आता बागेत काचेची खोली पाहिजे. 2012 च्या लंडन ऑलिंपिकला बीबीसीनं तसला स्टुडिओ उभा केलाच होता. मालवाहू कंटेनर रचले, समोर काच. कंटेनर आम्हा गोदीवाल्यांना कुणी शिकवू नये. 1989 ला न्हावा-शेवा सुरू झालं, कंटेनर वाढले, पाठीवरचं पोतं गेलं आणि त्यासोबत कित्येकांच्या ताटातली भाकरही. त्याच डबड्यात बसून साहेब जगाला बातम्या सांगतात. सांगू द्या. आपला सवाल वेगळा आहे.

उद्या हा मंडप पैठणला आला तर? पाचोडचा तालुका पैठण. तिथं जायकवाडीच्या पायथ्याशी गोदाकाठी संत ज्ञानेश्वर उद्यान आहे. (ज्याला शुद्धिपत्रासाठी ताटकळत ठेवलं, त्याच्याच नावानं बाग! पैठण असंच.) 1965 ला धरणाची कोनशिला बसली, शंभरावर गावं पाण्यात गेली. आता म्हणतील, बघा, सगळं पारदर्शक, जनतेला खुलं!

काच म्हणजे दार नव्हे. काचेतून दिसतं, शिवता येत नाही. हा धंदा आम्ही पिढ्यान् पिढ्या ओळखतो. महाडच्या नगरपालिकेनं 1924 ला चवदार तळं कागदावर खुलं केलं होतं. पाणी दिसतच होतं की! ओंजळ भरायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला.

2 ऑक्टोबर 1972 ला मुंबईत टीव्ही आला, वरळीत. पँथरही त्याच सालची. जानेवारी 1974 ला त्याच वरळीत बीडीडी चाळींवर दगड आणि लाठ्या. 1978 ला नामांतरासाठी मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. तेव्हा भिंती काचेच्या नव्हत्या म्हणून दिसलं नाही, असं समजायचं काय? 2019 ला ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्रीनं मोजदाद केली. बातमीघरांतल्या वरच्या 121 खुर्च्या, त्यातल्या 106 वर सवर्ण. दलित-आदिवासी शून्य. त्या शून्याला काच लावा, शून्य लखलखेल. बस्स.

तेव्हा नकाशा काढणाऱ्या बाबा, ऐक. काच सरळ उभी केलीस तर दिवे आणि कॅमेरा तिच्यातच दिसतील, तिरकी कर. दुहेरी लाव, नाहीतर बाहेरचा गोंगाट आत येईल. पश्चिमेला भिंतच घाल. आमच्या ऊन्हात काचेची भट्टी होते. 2006 ला धरणाचं पाणी पैठणात शिरलं होतं, म्हणून जोतं उंच घे. पण उंच जोत्याला पायऱ्या लागतात, आणि पायऱ्या आल्या की वॉचमन येतो. तो तिथं नको. आणि निवेदक पुढं, बाग मागं, ही मांडणी मोड. तिच्यात फिरायला आलेली माणसं नुसती झाडं होतात.

एक बाजू सरकती ठेव. बाहेर ओटा, ओट्यावर माईक, आणि माईकचं बटण वस्तीतल्या पोरीच्या हातात. पहिल्या दिवशी धरणात गाव गेलेली म्हातारी बोलेल. घड्याळ कुणी दाखवायचं नाही. निवेदकाला ऐकायचं असेल तर तो खाली गवतावर बसेल.