सगळ्यांचं एकच कपाट

दोस्तांनो, आज आधी एक मोजदाद करा. घरातले सगळे फोन, लॅपटॉप, टॅब्लेट, ड्रॉवरमध्ये पडलेले पेन ड्राइव्ह, सगळं आठवा. आता सांगा, गेल्या वर्षीच्या गणपतीचे फोटो यातल्या नेमक्या कशात आहेत? काही आईच्या फोनमध्ये, काही ताईच्या, आणि आरतीचा व्हिडिओ काकांच्या फोनमध्ये. काका नागपूरला परत गेले, त्यांच्याबरोबर व्हिडिओही गेला!

यावरचा तोडगा सोपा आहे. घरात जसं सगळ्यांचं मिळून एक कपाट असतं, तसा एक संगणक कोपऱ्यात सतत चालू ठेवायचा आणि सगळ्यांनी आपल्या फाइली त्यात ठेवायच्या. अशा संगणकाला फाइल सर्व्हर म्हणतात. बाजारात यासाठी तयार पेट्या मिळतात. पण घरात 'आता हा भंगारात द्या' असं ज्याच्याबद्दल बोललं जातं, तो जुना लॅपटॉपही हे काम मजेत करतो. त्यावर लिनक्स घालायचं आणि सांबा नावाची प्रणाली घालायची. (इडलीबरोबरचं सांबार नव्हे, बरं का!) दोन्ही फुकट मिळतात आणि दोन्ही कशी लिहिली आहेत ते कुणालाही उघडून वाचता येतं.

या सांबाची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे.

दोन संगणकांना एकमेकांकडून फाइली मागायच्या, तर त्यांना एकच भाषा यावी लागते. 'ही फाइल आहे का? किती मोठी आहे? दे बघू.' हे बोलण्याची एक भाषा आयबीएम कंपनीत 1980 च्या दशकात तयार झाली. तिचं नाव एसएमबी. पुढे मायक्रोसॉफ्टनं ती वाढवली आणि विंडोजचे संगणक आपसात तीच बोलू लागले. पण लिनक्स किंवा युनिक्सवर चालणाऱ्या बहुतेक संगणकांना ती येत नव्हती.

ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथल्या विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल नावाचा तरुण पीएच.डी. करत होता. त्याच्या टेबलावरच्या पीसीला प्रयोगशाळेतल्या मोठ्या संगणकावरच्या फाइली हव्या होत्या, आणि दोघांची भाषा जुळत नव्हती. 1991 चा डिसेंबर होता. त्यानं काय केलं? ही भाषा बोलणारे दोन संगणक एकमेकांशी बोलत असताना तारेवरून काय काय जातं, ते टिपून घेतलं आणि त्याचा अर्थ लावत बसला. जानेवारी 1992 पर्यंत त्याचा छोटासा प्रोग्राम तीच भाषा बोलायला लागलासुद्धा!

ही युक्ती समजावताना ट्रिजेलनं पुढे एक छान उदाहरण दिलं. समजा, तुम्हाला फ्रेंच शिकायचंय, पण पुस्तक नाही, शिक्षक नाही. मग फ्रान्सला जा, एखाद्या कॅफेत बसा आणि कान उघडे ठेवा. गिऱ्हाईक वेटरला काय म्हणालं आणि टेबलावर काय आलं, ते वहीत लिहून ठेवा. हळूहळू पावाला काय म्हणतात, कॉफीला काय म्हणतात, ते कळायला लागेल. परगावी बदली झालेल्या घरातल्या मुलांना हे सांगायला नको. तुम्ही गल्लीत खेळता खेळता नवी भाषा अशीच उचलता!

नावाचीही गंमत आहे. आधीच्या नावावर एका कंपनीनं हक्क सांगितला, म्हणून नवं नाव शोधणं भाग पडलं. ट्रिजेलनं संगणकातला शब्दकोशच धुंडाळला. अट एकच, शब्दात आधी एस, मग एम, मग बी ही अक्षरं याच क्रमानं यायला हवीत. जे शब्द निघाले त्यात एक होता 'सांबा', ब्राझीलच्या नाचाचं नाव. तेच ठरलं.

पुढे कितीतरी देशांतले लोक या कामात सामील झाले, पण भाषेचं अधिकृत व्याकरण काही त्यांना मिळेना. युरोपात मोठा खटला चालला. सप्टेंबर 2007 मध्ये न्यायालयाचा निकाल मायक्रोसॉफ्टच्या विरोधात गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 10,000 युरो भरून सांबाच्या मंडळींना ती कागदपत्रं मिळाली. म्हणजे पंधराएक वर्षं त्यांनी कॅफेत बसूनच काढली म्हणायची.

आता आपल्या कपाटाकडे वळू. जुन्या लॅपटॉपवर डेबियनसारखं लिनक्स आणि त्यात सांबा घातलं, की एक फोल्डर बनवायचं आणि सांबाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये चार-पाच ओळी लिहायच्या. कप्प्याचं नाव काय, तो डिस्कवर कुठे आहे, कुणाला उघडता येईल, आणि त्यात कुणाला लिहिता येईल. मग घरातल्या प्रत्येकाला सांबाचा वेगळा पासवर्ड. झालं! घरच्या वायफायवरून विंडोजच्या संगणकात तो कप्पा साध्या फोल्डरसारखा दिसतो. फोनवरूनही उघडता येतो. विजेचं गणित तुम्हीच करून आईबाबांना दाखवा. लॅपटॉप 20 वॉट घेत असेल, तर चोवीस तासांत 480 वॉट-तास, म्हणजे जेमतेम अर्धा युनिट.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. हे कपाट घरातल्या घरात. राउटरमधून बाहेरच्या इंटरनेटला त्याचं दार उघडून द्यायचं नाही. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या घातक प्रोग्रामनं विंडोजमधल्या याच भाषेच्या जुन्या आवृत्तीतली फट वापरली आणि ब्रिटनमधल्या रुग्णालयांचे संगणकसुद्धा बंद पाडले.

वरच्या सेटिंगमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ कोणती? 'कुणाला लिहिता येईल' ही. जो लिहू शकतो, तो पुसूही शकतो! आमच्या घरचीच फजिती सांगतो. मी मोठ्या हौसेनं कपाट बनवलं, आणि डिस्क बिघडली तर पंचाईत नको म्हणून एकाऐवजी दोन डिस्क लावल्या. एकीवर लिहिलेलं आपोआप दुसरीवरही उमटतं. आरशासारखं. मी निर्धास्त! त्यात माझ्या आईनं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, जुन्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेल्या. चौदा ध्वनिफिती. कॅसेटी मी नंतर टाकून दिल्या.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला. त्याला गेम ठेवायला जागा हवी होती. 'जुनं' असं नाव असलेलं फोल्डर दिसलं, त्यानं ते पुसलं. आरशाचं काम आरशानं चोख केलं. त्याच क्षणी दुसऱ्या डिस्कवरूनही ते गेलं. मी चिडलो, तर पठ्ठ्या म्हणतो, "मामा, चावी तर तूच सगळ्यांना दिली होतीस!" खरंच होतं ते. बहिणीच्या पेन ड्राइव्हमध्ये चौदातल्या तीन सापडल्या. अकरा गेल्या त्या गेल्याच.

तेव्हा तुम्ही असं करा. जुने फोटो, आवाज, कागदपत्रं यांचा कप्पा वेगळा ठेवा. तो सगळ्यांना उघडता येईल, पण त्यात लिहिता येईल फक्त एकाला. बाकीच्या कप्प्यांसाठी सांबामध्ये केराच्या टोपलीची सोय आहे, पुसलेली फाइल आधी तिच्यात जाते. ती आपोआप चालू नसते, सांगून चालू करावी लागते. आणि आरसा असला तरी वेगळी प्रत हवीच, दुसऱ्या जागी, शक्यतो दुसऱ्या घरी.

दुसऱ्या घरी रोज सगळ्या फाइली कशा पाठवायच्या? इथे पुन्हा आपला ट्रिजेलच भेटतो. 1996 मध्ये त्यानं पॉल मॅकेरस या सहकाऱ्याबरोबर आरसिंक नावाचा प्रोग्राम काढला. जुनी प्रत असलेला संगणक तिचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याचा हिशेबाचा आकडा पाठवतो. नवी फाइल असलेला संगणक ते आकडे ताडून बघतो. जुळलं, तर तो म्हणतो, 'तुझा बारावा तुकडा तसाच घे.' जुळलं नाही, तेवढाच भाग पाठवतो. पण मध्येच एखादं अक्षर वाढलं तर पुढचे सगळे तुकडे सरकतील ना? म्हणून तो एकेक घर पुढे सरकत आकडा काढतो. ओळीनं दहा संख्यांची बेरीज तुमच्याकडे आहे. एक घर पुढच्या दहांची हवी असेल तर सगळी बेरीज पुन्हा कशाला करायची? मागची एक वजा करा, पुढची एक मिळवा. आरसिंकचा हिशेब याच चालीचा आहे, थोडा वरच्या इयत्तेतला.

कपाट तयार झालं, प्रत घेऊन झाली, की त्याच दिवशी एक परीक्षा घ्या. एक बिनमहत्त्वाची फाइल कपाटात ठेवा, तिची प्रत दुसरीकडे जाऊ द्या, आणि मग मूळ फाइल मुद्दाम पुसा. केराच्या टोपलीतूनही काढून टाका. आता ती परत आणून दाखवा. किती मिनिटं लागली ते घड्याळ लावून बघा.