आवडीची पुण्याई

माझ्या आवडीच्या वस्तूंची यादी अगदी सामान्य आहे. थंडीत चेहऱ्याला पेट्रोलियम जेली. अंगात पॉलिस्टर मिसळलेला, न चुरगळणारा टीशर्ट. हातात क्रोशाची सुई. आणि दूध, साखर, आलं घालून रटरटा उकळलेला दाणेदार चहा. यात मिरवण्यासारखं काही नाही आणि लपवण्यासारखंही नाही. तरी गेली काही वर्षं यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचा मला खुलासा द्यावा लागतो. "तोंडाला पेट्रोलियम लावतेस?" "हे प्युअर कॉटन नाही?" "दूध घालून चहाची वाट लावता तुम्ही लोक." अपवाद फक्त क्रोशाचा. त्याचं कौतुक होतं, आणि ते मला जास्त खटकतं.

हे विचारणारे माझ्यासारखेच असतात. इंजिनिअर, तिशीच्या अलीकडचे, पगार बरा, पुण्यात किंवा बंगळुरात भाड्याचा फ्लॅट. त्यांना माझ्यापेक्षा वेगळं काही आवडतं, याला हरकत घ्यायचं कारणच नाही. हरकत आहे ती आवडीला नीतिमत्तेचं प्रमाणपत्र चिकटवण्याला. क्रीम 'क्लीन', कपडा 'कॉन्शस', चहा 'एथिकल', गोधडी 'सस्टेनेबल'. वस्तू घ्या, सोबत पुण्य फुकट. हे पुण्य खोटं आहे, असं माझं म्हणणं आहे. त्यानं घेणाऱ्याला बरं वाटतं, न घेणाऱ्याला कमीपणा येतो आणि वस्तू बनवणाऱ्याच्या पदरात बहुतेक वेळा काहीच पडत नाही.

आमच्या धंद्यात कुणी दावा केला, की 'लॉग दाखव' म्हणतात. तर पाहू या लॉग.

आधी त्वचा. पेट्रोलियम जेलीचं पेटंट रॉबर्ट चीझब्रो यांनी १८७२मध्ये घेतलं. तिचं काम साधं आहे: त्वचेवर थर धरायचा आणि आतलं पाणी उडून जाऊ द्यायचं नाही. नीट शुद्ध केलेल्या जेलीची ॲलर्जी क्वचितच येते, कारण तिच्यात सुगंध नसतो, फुलांचे अर्क नसतात. उलट 'नैसर्गिक' म्हणून तोंडाला लिंबू चोळायचा सल्ला घ्या. लिंबाच्या रसाचा पीएच साधारण दोन, त्वचेचा पाचच्या आसपास. हे मोजमाप दसपटीचं असतं, म्हणजे आम्लतेत सुमारे हजारपट फरक. रस लावून उन्हात गेलात, तर फोड आणि काळे डाग येऊ शकतात. 'केमिकल-फ्री' या शब्दाचं तर काय करावं? पाणीही केमिकलच आहे.

बरं, हे केवळ अज्ञान असतं तर सोडून दिलं असतं. पण यात वरखालीही आहे. 'फेअर अँड लव्हली' १९७५मध्ये बाजारात आली, आणि २०२०मध्ये तिच्या नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. त्या ट्यूबला हसणारी माणसं 'ब्राइटनिंग' सीरमच्या इवल्याशा बाटलीला हजार रुपये मोजतात. इच्छा तीच आहे. एकीला न्यूनगंड म्हणायचं आणि दुसरीला सेल्फ-केअर, एवढाच काय तो फरक.

आता चहा. दाणेदार चहा म्हणजे सीटीसी: पानं चिरडायची, फाडायची, वळवायची. हे यंत्र १९३०च्या सुमारास आसामात आलं. त्यामुळे थोड्या पावडरीत कडक, रंगदार चहा होऊ लागला आणि गरिबालाही तो परवडू लागला. त्याआधी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतीयांनी चहा प्यावा म्हणून मळेवाल्यांच्या संघटनेनं जोरदार प्रचार केला होता. रेल्वे स्टेशनांवर चहा करण्याच्या 'योग्य' कृतीच्या पाट्या लागल्या. चहावाल्यांनी ती कृती धाब्यावर बसवली. पत्ती महाग, म्हणून ती कमी घातली. दूध, साखर, मसाला वाढवला. प्रचारकांना ते आवडलं नाही, कारण त्यांना पत्ती खपवायची होती. आज 'दुधानं चहाचा खरा स्वाद मरतो' असं कुणी म्हणालं, की मला त्या पाट्या आठवतात. आपला टपरीवरचा चहा हा शिकवणुकीला न जुमानता झालेला चहा आहे, आणि म्हणूनच मला तो आणखी आवडतो.

अख्ख्या पानाचा महाग चहा घेतला, तर तो खुडणाऱ्या बाईला जास्त मिळतं का? २०२३मध्ये उत्तर बंगालच्या मळ्यांतली रोजची मजुरी २५० रुपये झाली. हा दर दार्जिलिंगच्या डोंगरात होता, तोच खाली डुआर्सच्या सपाटीवर. कपातल्या चहाची किंमत कितीही पटींनी वेगळी असो, खुडणाऱ्या हाताचा भाव एकच. मजुरी आणि बोनस वाढतो कशानं, ते मुन्नारनं दाखवलं. सप्टेंबर २०१५मध्ये तिथल्या मळ्यांतल्या तमिळ बायका 'पेंबिलै ओरुमै' या नावानं रस्त्यावर बसल्या, प्रस्थापित युनियनच्या पुढाऱ्यांना दूर ठेवलं आणि वीस टक्के बोनस मिळवला. कुणी कुठला चहा आवडीनं पितं, याचा त्यात काही वाटा नव्हता.

कपड्यांचं तेच. २०१९-२०च्या हातमाग गणनेत देशात सुमारे ३५ लाख हातमाग कामगार मोजले गेले, आणि विणकर कुटुंबांपैकी जवळपास दोन तृतीयांश कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत निघालं. हातमागाचं एवढं कौतुक चालू असताना हा आकडा आहे. आणि इचलकरंजीत किंवा भिवंडीत यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा माणूस? त्याच्या कापडाला गोष्ट नाही, टॅगवर त्याचा फोटो नाही, म्हणून त्याचं कापड घालण्यात पुण्यही नाही. शिवाय हातमागाचा कुर्ता वेगळा, थंड पाण्यात, हातानं धुवायचा असतो. कुणाच्या हातानं? ज्या मावशी तो धुतात, त्या स्वतः सिंथेटिक साडी नेसतात. ती लवकर वाळते, इस्त्री मागत नाही आणि वर्षानुवर्षं टिकते. त्यांच्या निवडीमागचा विचार माझ्या मित्रमंडळींच्या विचारापेक्षा उणा नाही.

राहिला क्रोशा. विणकाम यंत्रावर होतं, पण खरा क्रोशा विणणारं यंत्र बाजारात नाही. म्हणजे मॉलमध्ये सहाशे रुपयांना लटकलेला क्रोशाचा टॉप कुणीतरी हातानंच विणलेला असतो. मला स्वतःला एका टॉपला तीन-चार आठवड्यांच्या संध्याकाळी लागतात, हिशेब तुम्हीच करा. 'हँडमेड' या शब्दात न्याय आपोआप येत नाही. कित्येकदा त्याचा अर्थ एवढाच असतो, की हात यंत्रापेक्षा स्वस्त पडले. मारिया मीस यांनी आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर १९८२मध्ये पुस्तक लिहिलं. त्या परदेशच्या बाजारासाठी दिवसचे दिवस क्रोशा विणत, पण त्यांना कामगार कुणी म्हणत नव्हतं. त्या 'गृहिणी', आणि विणणं हा फावल्या वेळचा उद्योग. मजुरीही तशीच. माझ्या क्रोशाला कुणी 'किती मीनिंगफुल' म्हणालं, की म्हणून अवघडायला होतं. मी हौसेनं विणते, पोट त्यावर नाही. माझ्या हौसेला मिळणारा मान त्या बायकांच्या कामाला मिळाला नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. खादीनं आवडीचं राजकारण केलंच ना? आणि कुणी घेतलंच नाही, तर हातमाग मरेल त्याचं काय? खादीचं उत्तर सोपं आहे. ती घालणारी माणसं सूत कातत होती, सभा भरवत होती, तुरुंगात जात होती. कपडा ही त्यांच्या कामाची खूण होती. इथे खूण आहे, काम गायब आहे. १९८५च्या कायद्यानं काही कापडप्रकार हातमागासाठी राखीव आहेत; त्याची अंमलबजावणी होते का, हे आपल्यापैकी कितीजण विचारतात? अखिल भारतीय हातमाग मंडळ जुलै २०२०च्या अखेरीस बरखास्त झालं. काही दिवसांतच ७ ऑगस्ट, राष्ट्रीय हातमाग दिन आला. साड्यांचे फोटो भरपूर पडले. मंडळाबद्दल माझ्या ओळखीत कुणी चकार शब्द काढला नाही.

हातमाग जगावा असं वाटत असेल, तर ते राजकारण आहे आणि ते राजकारणासारखंच करावं लागेल: मजुरी विचारून, कायदा वाचून, संपाच्या बाजूनं उभं राहून, टॅगवर कारागिराच्या फोटोऐवजी त्याला मिळालेली रक्कम छापा अशी मागणी करून. ते जमणार नसेल, तरी हातमागाची साडी जरूर घ्या. तिचा पोत सुंदर असतो, रंग डोळ्यांना निववतात. पण कुणी विचारलं तर खरं कारण सांगा. 'मला आवडली म्हणून घेतली' एवढं पुरेसं आहे. आणि समोरच्यानं टपरीवरचा चहा मागवला, तर त्यालाही तेवढंच कारण पुरेसं असू द्या.