गुंगीचे माप कोणाच्या हाती?

घशातून जठरापर्यंत नळी उतरवून करावयाची दुर्बिणीची तपासणी आता इतकी सरावाची झाली आहे की, सकाळी उपाशीपोटी गेलेला रुग्ण बहुधा दुपारी घरी परततो. त्याला भीती वाटते ती नळीची. वस्तुतः तिच्याइतकेच लक्ष नळीपूर्वी टोचल्या जाणाऱ्या गुंगीच्या औषधाकडे द्यावयास हवे.

मिडॅझोलॅम हे त्यांतील अतिशय प्रचलित औषध. अमेरिकेत १९८६च्या सुमारास ते वापरात आले, तेव्हा त्याचा जोर पुरता ओळखला गेला नव्हता. श्वास मंदावून रुग्ण दगावल्याच्या नोंदी वाढल्या आणि मात्रेच्या सूचना बदलाव्या लागल्या. ब्रिटनचा अनुभव अधिक बोलका आहे. तेथील राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने डिसेंबर २००८मध्ये या औषधाच्या चुकीच्या मात्रेच्या, चार वर्षांतील ४९८ घटना जाहीर केल्या. त्यांत तीन मृत्यू होते. एकाच औषधाच्या कुप्या, पण एकीत दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम, तर दुसरीत ५! सिरिंज तेवढीच भरली तरी मात्रा पाचपट होते. त्यातून सिरिंज भरून हाती असली की, उरलेले औषध टाकण्यापेक्षा देऊन मोकळे होण्याकडे मनाचा कल असतो. (काटकसरीचा हा सद्गुण येथे प्राणघातक ठरतो.) तीव्र कुपी अशा तपासणीच्या खोलीत ठेवूच नये, असा साधा उपाय संस्थेने सुचविला.

उतारा आहे म्हणून निश्चिंत राहावे, हेही खरे नव्हे. फ्लुमाझेनिलचा अंमल मिडॅझोलॅमपेक्षा लवकर सरतो व जागा झालेला रुग्ण पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. प्रोपोफॉलला तर उताराच नाही. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर उपयुक्त खरा. परंतु नाकाला प्राणवायू चालू असता श्वास थांबल्यावरही त्यावरचा आकडा काही काळ चांगलाच दिसतो. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र ते तत्काळ दाखविते.

यंत्रापूर्वी माणूस हवा. दुर्बिणीत डोळा घातलेल्या डॉक्टरने रुग्णाच्या छातीकडेही पाहावे, ही अपेक्षा अवाजवी होय. त्यासाठी दुसरी प्रशिक्षित व्यक्ती लागते. महाराष्ट्रातील रुग्ण तपासणीचा खर्च आवर्जून विचारतो. तिथे श्वासावर लक्ष कोण ठेवणार, हेही त्याने विचारले तर त्यात डॉक्टरांवरील अविश्वास नाही. वृद्ध रुग्णास अर्धा-एक मिलिग्रॅम देऊन दोन मिनिटे थांबावे लागते, आणि बाहेर रांग वाढली की प्रथम याच दोन मिनिटांना कात्री लागते.