पुढे पांढरी, मागे पिवळी

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मुलाबाळांकडे जाऊन आलेल्यांच्या फोटोंत एक गोष्ट हमखास दिसते. तिथल्या मोटारीची पुढची नंबरप्लेट पांढरी असते आणि त्याच मोटारीची मागची पिवळी. भारतात पांढरी पाटी खासगी वाहनाची, पिवळी भाड्याच्या आणि हिरवी विजेवरच्या वाहनाची. इथे रंगावरून वाहनाचा प्रकार कळतो. तिथे वाहनाचे तोंड कोणत्या बाजूला आहे, ते कळते.

ब्रिटनमध्येही पूर्वी काळ्या पाट्याच असत. प्रकाश परावर्तित करणाऱ्या पाट्यांना १९६८ मध्ये परवानगी मिळाली आणि १९७३ पासून नव्या वाहनांना त्या सक्तीच्या झाल्या. अशा पाटीच्या पृष्ठभागात काचेचे अतिसूक्ष्म मणी किंवा प्रिझम असतात. प्रकाश ज्या दिशेने येतो त्याच दिशेला ते तो परत पाठवतात. त्यामुळे मागून येणाऱ्याच्या दिव्यात ती पाटी लख्ख उजळते. पांढरी दिसली तर वाहनाचे तोंड, पिवळी दिसली तर पाठ. पुढच्या वाहनाची बॅटरी उतरलेली असो वा दिवा फुटलेला, पाटीचे काम चालूच राहते.

डोळ्याची रचना पाहिली, की याचे मोल कळते. डोळ्याच्या पडद्यावर दंडपेशी आणि शंकुपेशी असतात. दंडपेशी मंद उजेडात काम करतात, पण त्यांना रंग ओळखता येत नाहीत. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींना भरपूर उजेड लागतो. म्हणून अंधारात हिरवा ऊस, काळी ताडपत्री आणि डांबरी रस्ता एकमेकांत मिसळून जातात. त्यात समोरच्या गाडीच्या प्रखर दिव्याने डोळे दिपले, की ते पूर्ववत व्हायला काही क्षण जातात. वयाची भर वेगळीच. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल, तर दिपणे आणखी वाढते.

आता हिशेब पाहू. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर ३३ मीटर मागे पडले. डिपरच्या उजेडात अंधारी ट्रॉली ४० मीटरवर दिसली, तर थांबायला उरतात फक्त सात मीटर. तेवढ्यात कोणतीच मोटार थांबत नाही. चालक कितीही सावध असला, तरी न दिसणाऱ्या वस्तूपुढे त्याचा इलाज चालत नाही.

ऊसपट्ट्यात गाळप हंगाम सुरू झाला, की हे चित्र रोज रात्री दिसते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे लोंबणारा ऊस आणि त्याखाली झाकलेले दिवे व पाटी. बैलगाडीला तर दिवाच नसतो. हंगामाच्या सुरुवातीला कारखाने, पोलीस आणि परिवहन विभाग रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घेतात, ते चांगलेच आहे. पण चिखलाने माखलेला किंवा उसाआड गेलेला रिफ्लेक्टर नसल्यासारखाच.

त्यामुळे तपासणी रोज व्हायला हवी आणि तिची जागा ठरलेली आहे: कारखान्याचा वजनकाटा. प्रत्येक ट्रॉली आणि गाडी तिथे येतेच. मागची पट्टी स्वच्छ व उघडी नसेल, तर रिकामे वाहन परत सोडण्याआधी ती पुसून किंवा नवी लावूनच सोडावे. शेतात भरताना ऊस पट्टीवर लोंबणार नाही, ही जबाबदारी वाहतूकदाराची. कापडावर शिवलेली पट्टी भरलेल्या मोळ्यांवरून मागे बांधता येते, तीही चालेल.

रस्त्यावरच्या धडकेनंतर डोक्याला मार लागून आलेल्या रुग्णासाठी रुग्णालयाला जे करावे लागते, त्याच्या खर्चापुढे या पट्टीची किंमत काहीच नाही. शिवाय सगळे करूनही प्रत्येक वेळी माणूस वाचतोच असे नाही. पुढच्या वाहनाची पाठ वेळेत दिसली, तर त्याला रुग्णालयात यावेच लागणार नाही.