आजी दोघी, आजोळ एकच

तामिळनाडूत कुंभकोणमपासून वीसेक किलोमीटरवर तिरुक्करुगावूर हे गाव आहे. तमिळमध्ये ‘करु’ म्हणजे गर्भ, ‘का’ म्हणजे राखणे आणि ‘ऊर’ म्हणजे गाव. येथील गर्भरक्षांबिकेच्या देवळात मूल व्हावे म्हणून जोडपी येतात, सुखरूप बाळंतपणासाठी गर्भवती येतात. पहिल्यांना तुपाचा प्रसाद मिळतो, दुसऱ्यांना पोटाला लावायला एरंडेल. सोबत कुणाची आई असते, कुणाची सासू. मूल झाले की दोघींनाही नवे नाव मिळणार असते.

तमिळमध्ये ते नाव ‘पाट्टी’. पण कित्येक भागांत वडिलांची आई ‘अप्पत्ता’ आणि आईची आई ‘अम्माची’ किंवा ‘अम्मायी’. तेलुगूत नानम्मा आणि अम्मम्मा, बंगालीत ठाकुमा आणि दिदिमा, हिंदीत दादी आणि नानी. शब्द ऐकताच नाते कुठल्या बाजूचे ते कळते. कन्नडची अज्जी आणि मराठीची आजी मात्र दोन्हीकडे तीच. पालीत आजीला ‘अय्यिका’ म्हणत. ‘आर्य’ म्हणजे आदरणीय, या शब्दाशी या साऱ्यांचे नाते आहे.

तंजावरच्या या मुलखात भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत होते आणि काही घरांतून आजही मराठी बोलली जाते. त्या मराठीने दोन आज्यांत भेद केला नाही, पण त्यांच्या घरांत केला. ‘आजोळ’ म्हणजे आईचे माहेरच. वडिलांच्या आईचे घर ते आपलेच घर, त्याला वेगळा शब्द कशाला? पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आपल्याकडे आहे, तशी तमिळ घरांतही. तिथे ‘वळैकाप्पु’ म्हणजे बांगड्या भरण्याचा सोहळा झाला की लेक माहेरी जाते. त्यामुळे कित्येकांचा पहिला पाळणा आजोळीच हलला.

आता मुलगा-सून नोकरीच्या गावी राहतात. वडिलांची आईही दूर, तिच्याकडेही सुट्टीतच जायचे. नातवंडे ‘पुण्याची आजी’, ‘नाशिकची आजी’ अशी सोय करतात. पण मे महिना आला की मुलांची पावले सवयीने आजोळी वळतात, कारण त्या घराला नाव आहे, गोडी आहे. दुसऱ्या आजीचे घर आता ‘आपले’ राहिले नाही आणि त्याला नवा शब्दही मिळालेला नाही. शब्द सापडेल तेव्हा सापडो, सुट्टीची वाटणी करताना त्या घराचे चार दिवस तेवढे विसरू नयेत.